व्हर्च्युअल पियानो निवडताना मला अडवलं ते पेडलने

फोंड्याच्या पावसात घरी खरा पियानो ठेवणं म्हणजे दरवर्षीचा ताप. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात आणि ट्यूनर सापडेपर्यंत चवथ उजाडते. शेवटी डिजिटल पियानो घेतला आणि चांगल्या आवाजासाठी लॅपटॉपवर व्हर्च्युअल पियानो, म्हणजे कीबोर्डने वाजवायचं पियानोचं सॉफ्टवेअर, शोधू लागले. पाश्चात्त्य शास्त्रीय वादनाच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळे कान जरा जास्तच चोखंदळ.

यात दोन जाती. एक सॅम्पलवाली. खऱ्या ग्रँड पियानोची एकेक पट्टी हळू ते जोरात अशा वेगवेगळ्या थरांत वाजवून रेकॉर्ड केलेली असते. गॅरिटनचा सीएफएक्स हा अ‍ॅबी रोड स्टुडिओत रेकॉर्ड केलेला यामाहाचा कॉन्सर्ट ग्रँड, पूर्ण आवृत्ती शंभर जीबीच्या वर. दुसरी जात पियानोटेकसारखी. तिथे रेकॉर्डिंग नाहीच, तारा आणि हातोड्या कशा वागतील याचं गणित मांडून आवाज जागच्या जागी तयार होतो, त्यामुळे आकार अगदी लहान. डेमो ऐकून निवडायचं तर पहिली जात सहज जिंकते. पण डेमो वाजवणारे बहुतेक जण जोरात, भरपूर रिव्हर्ब, म्हणजे सभागृहासारखा घुमारा, टाकून वाजवतात. रिव्हर्ब बंद करा, दोन्हींचा आवाज सारखा करा, मगच तुलना करा.

आता माझी गाडी कुठे रुतली ते सांगते. हाफ पेडल! खऱ्या पियानोवर उजवं पेडल दाबलं की तारा थांबवणारे डँपर वर उचलले जातात आणि सूर घुमत राहतो; तेच पेडल थोडंसं सोडलं की डँपर तारांना जेमतेम टेकतात. सूर पुसट होतो, पण तुटत नाही. शोपँच्या रचना वाजवताना डाव्या हाताचा बास धरून वरची गिचमिड साफ करायची ती अशीच. माझ्याकडे मात्र एक तर सगळं ओलं, नाही तर एकदम कोरडं. सॅम्पल विकणाऱ्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, दोष कीबोर्डचा. कीबोर्डच्या दुकानात विचारलं तर, ‘मॅडम, तो सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम.’ पुन्हा कंपनीला लिहिलं, तर पुन्हा तीच छापील मेल आणि वर माझी तक्रार ‘सोडवली’ म्हणून बंद! दुकानदाराचा शेवटचा युक्तिवाद होता, ‘पेडल चालतंय ना?’ चालत होतं हो, दिव्याच्या बटनासारखं.

मग फुकटचा मिडी मॉनिटर उतरवला, म्हणजे कीबोर्ड लॅपटॉपला काय संदेश पाठवतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर. पेडलचा संदेश ६४ नंबरचा, त्याची किंमत ० ते १२७ अशी सरकायला हवी. माझ्याकडे फक्त ० आणि १२७, मधे काही नाही. कीबोर्डबरोबर आलेलं पेडल निव्वळ चालू-बंद जातीचं होतं. यामाहात एफसी५ तसं आहे आणि एफसी३ए अर्धा दाब ओळखतं, पण कीबोर्डच्या जॅकलाही ते कळायला हवं, म्हणून आधी मॅन्युअल बघा. योग्य पेडल लावल्यावर आकडे सरकू लागले, तेव्हा तो स्क्रीनशॉट मी दोघांनाही पाठवला. त्या मेलवर कोणाचं अक्षर आलेलं नाही.

त्यानंतर निवड पटकन झाली. सॅम्पलच्या वरच्या सप्तकातला गोडवा मला अजूनही जास्त आवडतो. पण अगदी हळू वाजवताना एका थरातून दुसऱ्यात उडी पडलेली मला ऐकू येत होती, आणि अर्ध्या पेडलवर सूर हळूहळू विरायचा तो पियानोटेकमध्येच. रियाजाला तोच घेतला. त्याची ट्रायल २० मिनिटांनी थांबते आणि काही सूर मुद्दाम बंद ठेवलेले असतात, तेव्हा ते सूर टाळणारा तुकडा आधीच काढून ठेवा. अनेक सॅम्पल लायब्ऱ्यांना ट्रायलच नसते आणि एकदा अ‍ॅक्टिव्हेट केलं की पैसे परत मिळणं कठीण. त्यापेक्षा सॅलॅमँडर ही सॅम्पल लायब्ररी फुकट आहे, यामाहा सी५ ग्रँडचे १६ थर. सॅम्पल जात आपल्या हाताला जमते का ते त्यावर बघा.

हो, बफर राहिलाच, म्हणजे लॅपटॉप आवाजाचे नमुने एका वेळी किती साठवून बाहेर सोडतो तो आकडा. ४४.१ किलोहर्ट्झला १२८ नमुने ठेवला तर त्याचा उशीर साधारण ३ मिलिसेकंदांचा, तो बोटांना कळत नाही. आणि व्हेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे बोटाच्या जोराला किती आवाज मिळेल ते ठरवणारी सेटिंग, सगळ्यात आधी जुळवा, नाहीतर चांगला आवाजही तुमच्या हाताखाली वाईट वाटेल.