पाचशे पाच यार्ड, शंभर मिनिटं

पश्चिम कोलोराडोत, व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनात, एल्कच्या लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी जागा हेरून तयार करणं हे माझं हंगामी काम. ऑक्टोबरअखेरची ती बैठक, म्हणजे पालथं पडून बार टाकायची जागा, मीच निवडलेली. गोळी जिथे लागायला हवी तिथेच लागली, तरी जनावराची एक मागची मांडी नासली. म्हणून हे लिहितोय.

एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊबंद. मोठा नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. ऑगस्टात फिरून ठरवलेल्या जागेवर ऑक्टोबरात विसंबायचं नसतं. पहिलं बर्फ पडलं, चार बार झाले, की कळप उघडी कुरणं सोडून दाट स्प्रूसमध्ये, म्हणजे सूचिपर्णी झाडीत शिरतात आणि दिवस मावळतानाच बाहेर येतात. त्यामुळे मी हंगामाच्या आदल्या आठवड्यात पुन्हा फिरतो. लेंड्या ओल्या आहेत का, खुराच्या ठशाची कड अजून धारदार आहे का, एवढंच बघतो.

ही बैठक घळीच्या पश्चिमेच्या सोंडेवर होती. तोंड पूर्वेला, म्हणजे संध्याकाळचं ऊन पाठीशी. ऊन गेल्यावर थंड हवा उताराने खाली वाहते, आपला वास घळीत उतरतो, समोरच्या कुरणाकडे चढत नाही. उभं झाड तोडायची मुभा नाही, तेव्हा तयारी म्हणजे सात फूट बाय तीन फूट जागेतले दगड वेचणं आणि पालथं पडल्यावर कोपर टेकतील तिथली माती सारखी करणं.

नवशिके एका गोष्टीत हमखास फसतात. रायफलीवरची दुर्बीण नळीच्या दोनेक इंच वर असते. दुर्बिणीतून सगळं मोकळं दिसतं आणि गोळी समोरच्या उंचवट्याला घासते. म्हणून रिकाम्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, काढून मागून नळीतूनच पलीकडे बघायचं. कुरण दिसलं तर ठीक, माती दिसली तर उठा आणि जागा बदला. किरण सोडून अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरचंही तसंच. किरण मधल्या गवतावर आपटला तर आकडा कमी येतो. तीनदा मोजायचं आणि तिन्ही आकडे जुळले तरच अंतरांच्या कार्डावर घ्यायचं.

माझ्या कार्डावर सात खुणा होत्या. पाचवी अशी: 'वाळका स्प्रूस, ५०५ यार्ड, उतार १८ अंश, हिशेबाला ४८०.' म्हणजे उतारामुळे नेम ४८० यार्डांचा धरायचा. तीनशे विन-मॅग या जोरकस काडतुसाच्या जड गोळीला या उंचीवर, एवढ्या पल्ल्याला, ताशी १० मैलांचा आडवा वारा साधारण एक वीत ढकलतो. एल्कच्या छातीतली मर्माची जागा जेमतेम दोन वितींची. म्हणजे मधोमध धरलेला नेम वारा ओळखायला चुकला की थेट काठावर. गिऱ्हाइकं अंतराचे आकडे पाठ करून येतात; गवत कुठे कसं हलतंय ते बघायला कुणी शिकून येत नाही.

त्या दिवशी वारा पडलेला होता. चार पन्नासला बार झाला. नर दचकला, वाळक्या स्प्रूसच्या डावीकडून झाडीत शिरला. खरं तर एकाने बैठकीवरच दुर्बिणीला डोळा लावून थांबायचं आणि दुसऱ्याला हातवारे करून जागेवर न्यायचं, हा नियम आहे. पण गिऱ्हाइकाला तिथे एकट्याने थांबायचं नव्हतं आणि मीही हो म्हटलं. जागेचा फोटो नाही, कंपासची दिशा नाही. निघालो.

घसाऱ्यावरून घळीत उतरून पलीकडे चढायला शंभर मिनिटं लागली. वर पोचलो तर अंधारलं होतं आणि समोर खोडकिड्यांनी वाळवलेले दहा-बारा स्प्रूस. पलीकडून एकच दिसत होता, कारण फक्त त्याच्यावर ऊन होतं! रात्री दहापर्यंत हेडलॅम्प घेऊन शोधलं. रक्ताचा एक थेंब मिळाला नाही.

सकाळी साडेसातला सापडला, झाडीत साठ पावलांवर. रात्री पाणी गोठलं होतं, पाठीवरच्या केसांवर दव कडक झालं होतं. मांडी चिरून खुब्यापाशी हात घातला तर आत अजून कोमट. जाड कातडं आणि चरबी ऊब धरून ठेवतात. जनावर लगेच उघडलं नाही तर बाहेर गोठत असतानाही हाडाजवळचं मांस आंबतं. जमिनीला टेकलेली मांडी हिरवट पडली होती, वास येत होता. बाकी तीन तंगड्या आणि पाठीचं मांस वाचलं. खेचरं वर यायला दुपार झाली.

गिऱ्हाईक शिंगं बघून खूश. त्याच्या लेखी पाचशे यार्डांचा बार जमला, विषय संपला. त्याने पुढच्या वर्षासाठीही तीच बैठक मागितली आहे. माझा जोडीदार म्हणतो, दे, जागा उत्तम आहे.

कार्डावर मी आता ५०५ च्या पुढे '१०० मिनिटं' लिहिलंय आणि खाली 'साडेतीननंतर बार नाही'. पण त्या कुरणात साडेतीनच्या आत एल्क बाहेर आलेला मी अजून पाहिलेला नाही.