डीम्ड कन्व्हेयन्स: अर्जापासून मिळकत पत्रिकेपर्यंत

पुण्यातली आमची सोसायटी २४ फ्लॅटची, नोंदणी १९९६ ची. इमारत आमची, पण मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्ड, शहरातल्या जमिनीचा मालकीचा उतारा) धारक म्हणून मूळ जमीनमालक तीन भाऊ, कारण बिल्डरने जमीन विकत न घेता विकसन करारावर बांधकाम केलेलं. मोफा म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. आमच्याकडे ते झालं नव्हतं. अशा वेळी जिल्हा उपनिबंधकांच्या आदेशाने ते करून घेता येतं, तेच मानीव अभिहस्तांतरण किंवा डीम्ड कन्व्हेयन्स. सचिव म्हणून हे काम माझ्याकडे आलं आणि अर्ज ते मिळकत पत्रिका याला एकूण सव्वादोन वर्षं लागली. त्यात जिल्हा उपनिबंधकांकडची सुनावणी आणि आदेश हे फक्त सात महिने. बाकीचा वेळ कुठे गेला हे सांगण्यासाठीच हे लिहितोय, कारण बहुतेक सोसायट्या आदेश मिळाला की पेढे वाटतात आणि थांबतात.

एक गोष्ट सगळ्यात आधी तपासा: तुमची खरंच सोसायटी आहे की अपार्टमेंट? पुण्यात कितीतरी इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथे बिल्डर डिक्लरेशन नोंदवतो आणि प्रत्येकाला स्वतंत्र डीड ऑफ अपार्टमेंट मिळतं. पाटीवर 'अमुक अपार्टमेंट' लिहिलंय म्हणून अपार्टमेंट होत नाही आणि 'सोसायटी' म्हणतात म्हणून सोसायटी होत नाही. उपनिबंधकांचा नोंदणी दाखला आणि आयजीआरच्या (नोंदणी व मुद्रांक विभागाच्या) शोधात डिक्लरेशन सापडतंय का, हे दोन्ही पाहायचं.

मग विशेष सर्वसाधारण सभा. पाच पूर्ण दिवसांची नोटीस, आणि गणपूर्तीला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातली जी संख्या कमी असेल ती. ठराव मोघम नको. 'कन्व्हेयन्सची कार्यवाही करावी' एवढ्यावर भागत नाही. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांची नावानिशी सही करण्याची अधिकृतता, वकील आणि आर्किटेक्ट यांची नेमणूक, दर फ्लॅटची वर्गणी, आणि 'दस्त नोंदवणे, मुद्रांक अभिनिर्णय, मिळकत पत्रिकेवर नाव लावणे यासाठी लागणाऱ्या सर्व कार्यालयांत' हे शब्द घाला. (अभिनिर्णय म्हणजे दस्तावर किती मुद्रांक शुल्क लागतं ते अधिकृतपणे ठरवून घेणं.) आम्ही शेवटचा भाग घातला नव्हता, म्हणून दीड वर्षाने त्यासाठी पुन्हा सभा घ्यावी लागली. तोवर खजिनदार बदलले होते.

आता खरं काम: कागद. अर्ज नमुना ७ मध्ये, त्याला २,००० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पण अर्जाच्या मागे जे जोडायचं असतं त्याची फाइल आमच्याकडे सहा इंच जाड झाली. सोसायटीचा नोंदणी दाखला, सभासदांची यादी, मिळकत पत्रिका, विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्र, अकृषिक आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, भोगवटा पत्र (ऑक्युपन्सी सर्टिफिकेट), वकिलांचा शोध अहवाल, आर्किटेक्टचा क्षेत्राचा दाखला, बिल्डरला दिलेल्या नोटिसीची प्रत, आणि करून घ्यायच्या दस्ताचा मसुदा. भोगवटा पत्र नाही म्हणून कित्येक सोसायट्या अर्जच करत नाहीत. मोफाच्या कलम ११ मध्येच 'असल्यास' असा शब्द आहे. ते नसणं हा वेगळा प्रश्न आहे, त्यासाठी हा अर्ज अडवून ठेवू नका.

जुना मंजूर नकाशा बिल्डर देणार नाही हे गृहीत धरा. महापालिकेच्या बांधकाम विभागात माहिती अधिकारात अर्ज टाकायचा, १० रुपये फी. अर्जात सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे नंबर आणि बांधकाम दाखल्याचा क्रमांक-दिनांक तिन्ही लिहा. नुसता सोसायटीचा पत्ता लिहिलात तर 'अभिलेख आढळून येत नाही' असं उत्तर येतं, कारण फाइल सोसायटीच्या नावाने लावलेली नसतेच, ती जमीनमालकाच्या किंवा आर्किटेक्टच्या नावाने असते. दाखल्याचा क्रमांक कुठे मिळतो? कुठल्याही एका जुन्या फ्लॅट कराराच्या आत, 'आणि ज्याअर्थी' वाल्या परिच्छेदांत.

कागद जमवताना सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो इंडेक्स टूने, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याने. प्रत्येक फ्लॅटचा बिल्डरबरोबरचा पहिला नोंदणीकृत करार लागतो. आत्ता राहणाऱ्याने ज्याच्याकडून घेतला तो करार पुरत नाही. आमच्या २४ पैकी नऊ फ्लॅट पुनर्विक्रीचे, आणि त्यातल्या पाच जणांकडे पहिला करार नव्हता. बँकेत गहाण असेल तर मूळ दस्त बँकेत असतो, त्याची साक्षांकित प्रत चालते. हरवलेला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात शोध घ्यायचा. २००२ च्या अलीकडचं बरंचसं आयजीआरच्या संकेतस्थळावर सापडतं, त्याआधीचं पुस्तकांत हाताने शोधावं लागतं. आमचे करार १९९३ ते ९५ चे. शोध घेताना वर्ष, गाव आणि खरेदीदाराचं आडनाव लागतं, आणि आडनाव मराठीत एका तऱ्हेने, इंग्रजीत दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं असतं. शिवाय हवेली क्रमांक (दुय्यम निबंधक कार्यालयाचा क्रमांक) कुठला तेही माहीत हवं, कारण एकाच बिल्डरने सोयीप्रमाणे दोन वेगवेगळ्या कार्यालयांत करार नोंदवलेले असतात.

यासाठी मी पहिल्याच आठवड्यात एक तक्ता केला आणि पुढे सगळीकडे तोच कामाला आला. रकाने असे: फ्लॅट क्रमांक, पहिल्या खरेदीदाराचं नाव, कराराची तारीख, दस्त क्रमांक आणि वर्ष, दुय्यम निबंधक कार्यालय, करारातलं क्षेत्र आणि ते कारपेट की बिल्टअप, मोबदला, भरलेलं मुद्रांक शुल्क, नंतरचे खरेदीदार क्रमाने, आजचा सभासद, भाग दाखल्याचा (शेअर सर्टिफिकेटचा) क्रमांक. शेवटचा रकाना 'शेरा'. तिथे 'करार रामचंद्र, दाखला राम' असं काहीतरी लिहायचं. अशा नावांच्या फरकासाठी सभासदाकडून एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच घेऊन ठेवा. हा तक्ता वकिलांच्या कारकुनाकडून करून घेऊ नका. त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं माहेरचं नाव माहीत नसतं.

दुसरी अडचण क्षेत्राची, आणि ती आम्हाला सर्वांत महाग पडली. विकसन करारात १८ गुंठे, म्हणजे सुमारे १,८२१ चौरस मीटर. मिळकत पत्रिकेवर १,७९८. मंजूर नकाशात रस्तारुंदीचे ११२ वजा करून निव्वळ १,६८६. अर्जात कुठला आकडा? नियम सोपा आहे: गुंठ्यांचा आकडा विसरा, तो बांधावर उभं राहून ठरवलेला असतो. मिळकत पत्रिका आणि नकाशा यांचा मेळ घाला. रस्तारुंदीच्या पट्टीचा एफएसआय (जमिनीच्या क्षेत्रावर मिळणारा बांधकामाचा हक्क) बिल्डरने आधीच इमारतीत वापरला असेल तर ती पट्टी महापालिकेची, ती मागू नका. वापरला नसेल तर सोडू नका, कारण पुढे पुनर्विकासाच्या वेळी त्याची किंमत कळते. आमच्याकडे वापरलेला होता, म्हणून आम्ही १,६८६ मागितले. चूक इतकीच झाली की परिशिष्टात '१,६८६ चौरस मीटर' एवढंच लिहिलं. '१,७९८ पैकी १,६८६' असं लिहिलं नाही.

एकाच मोकळ्या लेआउटमध्ये अनेक इमारती असतील तर आर्किटेक्टने प्रत्येक इमारतीचा प्रमाणशीर हिस्सा आणि सामाईक रस्ते, बाग, पाण्याची टाकी यांतला अविभक्त हक्क काढून द्यावा लागतो. आमची इमारत एकटीच, त्यामुळे ते सुटलं.

अर्जाआधी बिल्डर आणि सगळ्या जमीनमालकांना वकिलामार्फत नोटीस पाठवायची, १५ दिवसांची मुदत देऊन, पोचपावती मिळेल अशा पोस्टाने; आमच्या वेळी ते रजिस्टर पोस्ट होतं. परत आलेला लिफाफा उघडायचा नाही. पोस्टाच्या शेऱ्यासह बंदच ठेवायचा, तो पुरावा आहे. जमीनमालकांपैकी कुणी वारलं असेल तर वारस शोधून प्रत्येकाला सामनेवाला करायचं. तीन भावांपैकी थोरले गेलेले होते आणि पत्रिकेवर अजून त्यांचंच नाव होतं. मयत माणसाविरुद्ध झालेला आदेश टिकत नाही, आणि ही हरकत बिल्डरचा वकील सुरुवातीला घेत नाही, शेवटी घेतो. आम्ही वेळेत दुरुस्ती केली आणि चार वारस जोडले.

सुनावणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हजर न राहणाऱ्यांसाठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते, खर्च अर्जदाराचा. कायद्यात निर्णयाला सहा महिन्यांची मुदत आहे. बिल्डरच्या हरकती ठरलेल्या असतात: काही सभासदांकडून पैसे येणे आहेत, शिल्लक एफएसआय माझा आहे, सोसायटीने इतकी वर्षं मागणीच केली नाही. तोंडी वाद घालत बसू नका. प्रत्येक हरकतीला कराराचं कलम आणि पान क्रमांक देऊन लेखी उत्तर द्या. सक्षम प्राधिकारी, म्हणजे इथे जिल्हा उपनिबंधक, जमिनीच्या मालकीचा वाद सोडवत नाही, तो फक्त बिल्डरने करारात जे द्यायचं कबूल केलं तेवढं दिलं का ते पाहतो. मालकीचा खरा वाद असेल तर दिवाणी न्यायालयाचा रस्ता सर्वांना मोकळाच असतो. म्हणूनच मागणी करारापेक्षा एक मीटरही जास्त ठेवू नये. पार्किंगची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत आहे की नाही, हे इथे काढायचं नाही.

आदेश आणि प्रमाणपत्र हातात आलं की पुढचा मुक्काम मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे, अभिनिर्णयासाठी. फ्लॅट घेताना प्रत्येकाने भरलेलं मुद्रांक शुल्क इथे जमेला धरलं जातं, त्यामुळे ज्यांचे पूर्ण भरलेत त्यांच्यावर पुन्हा मोठा बोजा येत नाही. इथे तो तक्ता पुन्हा बाहेर काढायचा. ताबा देणाऱ्या किंवा देण्याचं कबूल करणाऱ्या करारावर खरेदीखताप्रमाणे शुल्क १० डिसेंबर १९८५ पासून लागू झालं. त्याआधीच्या इमारतींत पाच रुपयांच्या कागदावरचे करार सापडतात, त्यांचं गणित वेगळं. आमच्या दोन करारांना शुल्क कमी निघालं. तेव्हा तुटीवर दरमहा २ टक्के दंड होता, कमाल तुटीच्या चौपट. म्हणजे जुन्या कराराची तूट काही हजारांची असली तरी भरायची रक्कम पाचपट व्हायची. ती त्या फ्लॅटधारकाने द्यायची की सोसायटीने, यावर आमची अख्खी एक सभा गेली. आधीच ठरावात लिहून ठेवा. इथेच दुसरा प्रश्न येतो शिल्लक एफएसआयचा: तो असेल तर त्याच्या बाजारमूल्यावर शुल्क आकारलं जातं. मंजुरीच्या वेळच्या नियमांप्रमाणे काही शिल्लक नाही, असा आर्किटेक्टचा दाखला आम्ही दिला. हा दाखला आजच्या नियमांप्रमाणे काढला तर आकडा फुगतो, हे आर्किटेक्टला आधी सांगा.

अभिनिर्णय झाला की शुल्क भरून दुय्यम निबंधकांकडे एकतर्फी दस्ताची नोंदणी. बिल्डर सही करायला येत नाही, त्याच्या वतीने सक्षम प्राधिकाऱ्याने अधिकृत केलेला अधिकारी सही करतो. दुय्यम निबंधक कलम ११ च्या उपकलम ५ प्रमाणे बिल्डरला आणखी एकदा नोटीस काढतात: हा दस्त का नोंदवू नये? इथे बऱ्याच सोसायट्या दचकतात. दचकू नका, हा टप्पा कायद्यातच आहे. पक्षकार म्हणून तीन पदाधिकारी, ओळख पटवणारे दोघे, आधी डेटा एंट्री करून घेतलेला क्रमांक, दस्त हाताळणीचे दर पानाला (आमच्या वेळी) २० रुपये. आमच्या दस्ताला जोडपत्रांसह दोनशेच्या वर पानं झाली. गरज नसलेली जोडपत्रं काढून टाकली असती तर निम्म्यावर आलं असतं.

आणि मग नगर भूमापन कार्यालय. फेरफारासाठी अर्ज, नोंदणीकृत दस्ताची प्रत, इंडेक्स टू, आदेश, प्रमाणपत्र, सगळं दिलं. पत्रिकेवरच्या नोंदी सांभाळणाऱ्या परिरक्षण भूमापकांनी दस्ताच्या परिशिष्टावर बोट ठेवून विचारलं, "साहेब, पत्रिका १,७९८ ची आहे, तुम्ही १,६८६ म्हणताय. उरलेले ११२ कोणाचे?" उत्तर माहीत होतं, पण ते दस्तात लिहिलेलं नव्हतं. पूर्ण पत्रिकेवर नाव लावता येईना आणि भागावर लावायला पोटविभाजन हवं. मग जिल्हा उपनिबंधकांकडून शुद्धिपत्रक, त्यानुसार चूक दुरुस्तीचा दस्त, मोजणीचा अर्ज, मोजणीची तारीख, हद्दीवर खुणा, मोजणी नकाशाची क प्रत. पावसाळ्यामुळे एक तारीख पुढे गेली. 'पैकी' हा एक शब्द राहिला म्हणून दहा महिने.

मोजणीला शेजारच्या सोसायटीलाही नोटीस जाते. त्यांना आधी भेटून सांगितलेलं बरं, नाहीतर भिंत पाडायला आले असं वाटून तेही हरकत घेतात. आमच्या शेजारच्या सोसायटीच्या अध्यक्षांना मी आदेशाची प्रत नेऊन दिली, तर तेच म्हणाले, "आमचंही राहिलंय की. तो तक्ता जरा मेल करा."

वकिलांची फी टप्प्याटप्प्याने ठरवा: अर्ज दाखल, आदेश, अभिनिर्णय, दस्त नोंदणी, आणि शेवटचा मोठा हप्ता धारकाच्या रकान्यात सोसायटीचं नाव असलेली पत्रिकेची प्रत हातात आल्यावर. आम्ही तीन चतुर्थांश रक्कम आदेशालाच देऊन बसलो होतो. त्यानंतरचे सगळे हेलपाटे खजिनदारांनी आणि मी मारले.