तेव्हा चौथाई म्हणालात, मग आता आकडे का भरता? तुम्ही विचारलंत म्हणून

प्रत्येक प्रशिक्षण संपलं की चहाचा कप हातात घेऊन कुणीतरी जवळ येतंच. "मॅडम, २०१२ साली तुम्ही दिवाळी अंकात लिहिलं होतंत, युरोप आकाशातून चौथाई गोळा करतोय, त्यांना एकही आकडा देऊ नका. आता तुम्हीच विमान कंपन्यांना कार्बनचे तक्ते भरायला शिकवता. तेव्हा चुकलात की आता?" इतक्या वर्षांत मी यावर दोन वाक्यांत काहीतरी सांगून सुटत आले. आज नीट सांगते.

आधी कायद्याचं, कारण त्यावर मी आजही ठाम आहे. १९९७ च्या क्योटो करारात लिहिलंय की आंतरराष्ट्रीय विमानांचा धूर आटोक्यात आणायचं काम विकसित देशांनी करायचं, आणि तेही आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संस्थेमार्फत. म्हणजे मॉन्ट्रियलला, जिथे सगळे देश एका टेबलाशी बसतात. युरोपने तिथल्या निर्णयाची वाट न बघता १ जानेवारी २०१२ पासून स्वतःचा नियम लावला: आमच्या विमानतळांवर येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांनी आपल्या धुराचा हिशेब द्यायचा आणि तेवढे कार्बन परवाने जमा करायचे. ब्रिटन तेव्हा युनियनमध्येच होता. मुंबईहून लंडनला जाणारं विमान युरोपच्या आकाशात असतं ते शेवटच्या टप्प्यात, पण हिशेब मात्र मुंबईची धावपट्टी सोडल्यापासूनचा. अमेरिकी कंपन्या कोर्टात गेल्या. २१ डिसेंबर २०११ ला युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की विमान आमच्या विमानतळावर येतं, तेवढा अधिकार पुरे आहे. आणि आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचा मूळ करार, १९४४ चा शिकागो करार, युरोपियन युनियनवर बंधनकारक नाही, कारण युनियन त्यात पक्षकारच नाही. सदस्य देश सगळेच्या सगळे करारात, युनियन तेवढी बाहेर! ही पळवाट मला तेव्हा पटली नव्हती, आजही पटत नाही. चौथाई हा शब्द मी मागे घेत नाही.

पण तुमचा प्रश्न कायद्याचा नसतो, माझा असतो. म्हणून मार्च २०१२ कडे यावं लागतं.

अंधेरीच्या ज्या लहानशा ऑफिसात आम्ही विमान कंपन्यांच्या इंधनाचे हिशेब तपासायचो, तिथे २०११ सालच्या पावत्यांची अकरा खोकी होती. ३१ मार्चपर्यंत युरोपला अहवाल जायचा होता. काम किचकट. इंधन भरणारा पावती देतो लिटरमध्ये, वैमानिकाच्या टेकलॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, आकडा किलोत. मध्ये घनता, म्हणजे एका लिटरचं वजन किती किलो. पावतीवर घनता लिहिलेली नसेल, कार्बन कॉपी पुसट असेल, तर ०.८ धरायची की टेकलॉगवरून काढायची, यावर आमचे नाना तासतास घालवायचे. नाना निवृत्त डिस्पॅचर, म्हणजे उड्डाणांची आखणी करणारे. भिंग घेऊन बसायचे. एक टन इंधन जळलं की ३.१५ टन कार्बन डायऑक्साइड, हा गुणाकार ते कॅल्क्युलेटर न घेता करायचे. नऊ महिन्यांचं काम झालं होतं, शेवटची तिमाही राहिली होती.

त्यातच सरकारने कंपन्यांना सांगितलं, युरोपला आकडे द्यायचे नाहीत. मला कोण आनंद झाला! मी नानांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "नाना, बंद करा. द्यायचंच नाहीये आता."

ते म्हणाले, "त्यांना नको देऊस गं. पण आपल्याला तरी कळू दे ना, आपण किती जाळतो ते."

मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्हाला साहेबाची चाकरी करायची इतकी सवय आहे का?" ते काही बोलले नाहीत. भिंग डबीत ठेवलं, समोरची पावती खोक्यात परत घातली, झाकण लावलं. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत राहिले. २०१४ ला ऑफिस हललं तेव्हा अकराही खोकी मी रद्दीत दिली. टेम्पोवाल्याला मीच सांगितलं, ही पण घ्या. २०१७ ला नाना गेले.

१ जानेवारी २०१९ पासून कोर्सियाची मोजणी सुरू झाली. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या वाढत्या कार्बनची कंपन्यांनी भरपाई करायची, अशी ही आयकाओची स्वतःची योजना, २०१६ साली मॉन्ट्रियलला ठरलेली, म्हणजे ज्या टेबलासाठी मी भांडले होते तिथलीच. तक्त्यात तेच रकाने: लिटर, घनता, किलो. नियमात तेच ०.८. फक्त ३.१५ च्या जागी ३.१६. नव्याने लागलेल्या मुलाने विचारलं, "मॅडम, तुलनेला जुने आकडे असतील ना आपल्याकडे?" मी म्हणाले, "ऑफिस हललं तेव्हा गेले." हे खरं नव्हतं. गेले नव्हते, मी घालवले होते.

मग तेव्हाची मी चुकले का? ती माझ्याशी अजून भांडते. म्हणते, आम्ही अडून बसलो म्हणूनच युरोपने १२ नोव्हेंबर २०१२ ला, ऐन दिवाळीत, बाहेरच्या उड्डाणांचा नियम थांबवला आणि प्रश्न मॉन्ट्रियलला गेला. बरोबर आहे. मी तिला म्हणते, पण मॉन्ट्रियलही हललं ते युरोपच्या धाकाने. १९९७ पासून तिथे काय झालं होतं? आणि हाती काय आलं? २०१९ च्या पातळीवर जेवढी वाढ, तेवढीच भरपाई. कोविडने उड्डाणं बसली, म्हणून २०२१ ते २०२३ मध्ये कुणावर काहीच बोजा आला नाही. २०२४ पासून पातळी २०१९ च्या ८५ टक्क्यांवर आणली. भारत २०२७ पासून, सक्तीच्या टप्प्यात येणार. शिवाय विमान तेवढंच जाळतं. भरपाई म्हणजे दुसरीकडे कुणी वाचवलेल्या कार्बनचं क्रेडिट विकत घेणं. यावर तिच्याकडे उत्तर नाही. पण माझ्याकडेही सगळी उत्तरं नाहीत: युरोपला तेव्हा मान्यता दिली असती तर पुढे काय काय गळ्यात पडलं असतं, या तिच्या प्रश्नावर मी गप्प बसते.

युरोपच्या २०२३ च्या सुधारित नियमात तरतूद आहे की कोर्सिया अपुरी ठरली, तर तिथून निघणाऱ्या परदेशी उड्डाणांवरही पुन्हा त्यांचा नियम लावता येईल. तसं झालं तर मी पुन्हा विरोधात लिहीन. आकडे मात्र मोजत राहीन.

कोर्सियात नोंदी दहा वर्षं जपायच्या असतात. २०१९ ची खोकी माझ्या खुर्चीच्या मागेच आहेत. मुलं पुसट पावती घेऊन येतात, विचारतात, सरळ ०.८ धरू का. मी म्हणते, आधी टेकलॉग बघ.