काथ, पण पानातला नव्हे

आमच्या गल्लीतला एक मुलगा चीनमधून एमबीबीएस करून आलाय, सध्या इथल्या परीक्षेच्या मागे आहे. माझ्या औषधांच्या दुकानातली गर्दी ओसरली की काउंटरशी येऊन उभा राहतो. परवा त्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. काळपट तपकिरी, चमकदार ढेकळं, शेजारी चिनी अक्षरं.

"काकू, तिकडच्या जुन्या औषधांतलं आहे. अर-छा म्हणतात. चिघळलेल्या जखमेवर याची पूड टाकतात. ओळखा पाहू."

"काथ होय रे तो."

पोरगं जरा हिरमुसलं. एवढ्या लांब जाऊन शेवटी पानठेल्यावरचीच वस्तू!

तसं अगदी पानठेल्यावरचीही नाही. झाड एकच, खैर. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं. लाकडाचे तुकडे उकळायचे आणि काढा आटवायचा, इथवर दोन्हीकडे सारखंच. फरक पुढे पडतो. आपण तो काढा गार होऊ देतो. त्यातलं कॅटेचिन नावाचं द्रव्य गरम पाण्यात छान विरघळतं, गार पाण्यात फारसं नाही, म्हणून ते तळाशी बसतं. ते गाळून, दाबून फिक्या वड्या पाडल्या की झाला पानाचा काथ. उरलेलं काळं, टॅनिन या तुरट द्रव्यानं भरलेलं पाणी आटवून ते कातडं कमावायला, कापडाला नि मासेमारीच्या जाळ्यांना रंग द्यायला जातं. चिनी लोक ही वाटणी करतच नाहीत. तिकडच्या युन्नान प्रांताच्या दक्षिणेला हिवाळ्यात खैराच्या फांद्या नि खोड सोलून उकळतात आणि सगळा काढा तसाच सुकवतात. म्हणून त्यांचं ढेकूळ काळं, आणि फोडलं तर आत बारीक छिद्रं नि चकाकी. जिभेवर आधी कडू-तुरट, मागून किंचित गोड.

गंमत अशी की पुष्कळ काळ ही झाडाची वस्तू आहे हेच लोकांना ठाऊक नव्हतं. ली शिझेन या चिनी वैद्याचा जो मोठा औषधीकोश 1596 मध्ये छापून निघाला, त्यात हा पदार्थ चक्क मातीच्या प्रकरणात आहे. चहाची पूड बांबूच्या नळीत ठासून, ती चिखलात पुरून हा तयार होतो, असं त्यानं ऐकलेलं लिहून ठेवलंय. युरोपातल्या औषधवाल्यांनी तर याला 'जपानची माती' ठरवून टाकलं. जपानचा काही संबंध नाही, मातीचा त्याहून नाही. आपल्याकडे चरकानं खैराला त्वचारोगांवरच्या औषधांत पहिला मान दिला, तो सरळ झाडाचं नाव घेऊन.

तुरटपणाचं काम समजायला प्रयोगशाळा नको. चिमूटभर काथ गालात धरा, आतली कातडी ओढल्यासारखी होते. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून आकसवतं. ओल्या जखमेवरही हेच होतं: वर पातळ पापुद्रा धरतो, पाझर कमी होतो, बारीक रक्त थांबतं. म्हणूनच चिनी वैद्य त्याला ओल शोषणारं, मांस भरून आणणारं म्हणतात. पोटात द्यायचं तर 1 ते 3 ग्रॅम, तेही फडक्यात बांधून उकळायचं. कोरड्या भेगांना मात्र काथ लावू नये, त्या आणखी तडकतात.

त्या पोरानं मुक्या मारावरच्या एका जुन्या चिनी चूर्णाची यादीही वाचून दाखवली. मी मराठीत उतरवून घेतली: काथ, हिरादखण, हिराबोळ, लोबान, करडईची फुलं, भीमसेनी कापूर, कस्तुरी, हिंगूळ. आमच्या नागपूरच्या इतवारीतल्या जडीबुटीवाल्याला दिली असती तर त्यानं ही चीनची चिठ्ठी आहे हे ओळखलंही नसतं. कस्तुरी त्यानं दिली नसती, तिचा व्यापार कायद्यानं बंद आहे. हिंगुळाचं मीच नको म्हटलं असतं, त्यात पारा असतो.

अमरावती रोडवरच्या फार्मसी विभागात शिकताना काथाची एक परीक्षा करायचो, ती मला अजून आवडते. आगपेटीतली काडी काथाच्या पाण्यात भिजवून वाळवायची, हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून लगेच काढायची आणि ज्योतीजवळ धरायची. लाकूड गडद लाल होतं. चीनच्या सरकारी औषधसंहितेतही हीच काडी आहे! फक्त ती कॅटेचिन दाखवते, झाड कोणतं ते नाही. इंडोनेशियातून येणारा गंबीर, म्हणजे दुसऱ्याच एका वनस्पतीचा अर्क, काथात मिसळतात, त्यालाही काडी लालच होते. तो पकडायला वेगळी परीक्षा आहे.

मे महिन्यात "तोंड आलंय, काही द्या" म्हणणारे रोज येतात. आत्या अशा वेळी तुपात काथ कालवून लावायची आणि साध्या, उन्हाळी तोंड येण्यावर माझीही त्याला ना नाही. काथ मात्र बंद पुडीतला स्वच्छ हवा. ठेल्यावरच्या डब्यात दिवसभर उघडा भिजलेला नको. पण समोरच्याच्या खिशात खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची, पन्नी दिसली की मी काथाचं नावही काढत नाही. सुपारी तंबाखूविनाही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्येच जाहीर केलंय. अशा गिऱ्हाइकाला मी विचारते, "भाऊ, सुपारीनं तोंड आखडतं; स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का, पाहा बरं." नाही गेली, किंवा फोड दोन आठवड्यांहून जुना असला, तर मलम न देता सरकारी मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या डेंटल कॉलेजचा रस्ता सांगते.