तुरुंगातील कर्णबधिर आणि न विचारलेला प्रश्न

तुरुंगाचा दिनक्रम बव्हंशी आवाजावर चालतो. सकाळची गणती, जेवणाची वेळ, मुलाखतीसाठी नातेवाईक आल्याचा पुकारा, मागून आलेला ‘थांब’ हा हुकूम, हे सारे प्रत्येकाला ऐकू येईल असे गृहीत धरलेले असते. ज्याला ते ऐकू येत नाही, त्याचे जेवण किंवा औषध चुकते एवढ्यावरच भागत नाही. हुकूम मोडल्याचा ठपकाही त्याच्यावर येऊ शकतो आणि त्या ठपक्याची चौकशी पुन्हा तोंडीच होते. हातांनी बोलणाऱ्या माणसाला बेड्या घातल्या की त्याचे उत्तर देणेही बंद होते. माझी मावसबहीण जन्मापासून कर्णबधिर आहे, त्यामुळे हे वाचताना मला अलिप्त राहता येत नाही.

२०१२ मध्ये अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील तुरुंगात एका पूर्ण कर्णबधिर माणसाने ५१ दिवस काढले. अमेरिकन सांकेतिक भाषा हीच त्याची बोलण्याची भाषा होती. तरीही ओठ वाचून आणि चिठ्ठ्या लिहून त्याचे काम भागेल, असे तेथील कर्मचाऱ्यांनी परस्पर ठरवले. ओठ वाचणे किती तोकडे असते हे घरात कर्णबधिर माणूस असलेल्यांना ठाऊक असते: प, ब आणि म ही अक्षरे ओठांवर सारखीच दिसतात, त्यामुळे ‘पान’ की ‘मान’ हे निव्वळ संदर्भावरून ताडावे लागते, आणि तुरुंगात नव्याने आलेल्या माणसाजवळ तो संदर्भही नसतो. चिठ्ठीचेही तसेच, जन्मतः कर्णबधिर असलेल्या अनेकांसाठी लिखित इंग्रजी ही दुसरी भाषा असते.

या माणसाने दावा लावला. २०१५ मध्ये न्यायाधीश केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी, ज्या पुढे २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्याच्या बाजूने निकाल दिला. कैदी अपंग आहे हे दिसत असताना त्याला कोणत्या सोयी लागतील याची तपासणी तुरुंगाने स्वतःहून केली पाहिजे, कैद्याच्या मागणीची वाट पाहत बसता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण मागणी नेमक्या शब्दांत मांडता न येणे हीच तर इथली मूळ अडचण आहे.

दूरध्वनीच्या बाबतीत तेथे सुधारणेला आणखी वेळ लागला. टंकलेखन करून बोलण्याची जुनी यंत्रे कालबाह्य झाल्यानंतरही अनेक तुरुंगांत तीच राहिली. सरासरी ५० किंवा अधिक कैदी असलेल्या ठिकाणी सांकेतिक भाषेच्या दुभाष्यामार्फत दृक्‌संवादाची (व्हिडिओ कॉलची) सोय द्यावी, असा केंद्रीय दूरसंचार आयोगाचा नियम २०२२ मध्ये झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला.

आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील तुरुंगांच्या संदर्भात निर्देश देताना, प्रवेशाच्या वेळीच दिव्यांग बंद्यांची ओळख पटवावी आणि तुरुंगाचे नियम सांकेतिक भाषेसारख्या सुलभ स्वरूपात उपलब्ध करावेत, असे सांगितले. महाराष्ट्रातील कारागृहांनीही हे करावे, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. नातेवाइकांशी दृक्‌संवाद साधण्यासाठी ई-मुलाखतीची व्यवस्था आपल्याकडे आधीपासून आहे, आणि तिच्यावर कर्णबधिर बंदी आपल्या आईशी खुणांनी मनसोक्त बोलू शकतो. इतरांना फोनवर बोलण्यासाठी जितका वेळ मिळतो, तितका तरी त्याला यासाठी राखून द्यावा. त्याकरिता नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही, परंतु हा माणूस कर्णबधिर आहे अशी नोंद पहिल्या दिवशीच्या रजिस्टरात झालेली असावी लागते.