अमेरिकेत लेन्सचं प्रिस्क्रिप्शन हातात मिळेपर्यंत – माझा अनुभव

पुण्यात मी बारा वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्या आणि त्या बारा वर्षांत मला एकदाही कोणी कागद मागितला नाही. लक्ष्मी रोडवरच्या नेहमीच्या दुकानात जायचं, उजवा मायनस सव्वाचार डावा मायनस पावणेपाच असं सांगायचं, काका मागच्या कपाटातून डबी काढून द्यायचे, झालं. त्यामुळे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही टेक्सासला, डॅलसजवळ अर्व्हिंगला आलो तेव्हा मी सहा महिन्यांच्या लेन्स बॅगेत टाकल्या आणि पुढचं पुढे बघू म्हटलं.

पुढचं आलं एप्रिलमध्ये. शेवटची जोडी उरली होती, ऑनलाइन ऑर्डर करायला बसले, कंपनी तीच, नंबर तोच, सगळं भरलं आणि पेमेंटच्या आधी साइट विचारते की तुमच्या डॉक्टरचं नाव आणि फोन नंबर द्या किंवा प्रिस्क्रिप्शन अपलोड करा. मी पुण्याच्या कागदाचा फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी ऑर्डर कॅन्सल. मला खरंच राग आला, नंबर मला पाठ आहे, पैसे मी देतेय, मग अडचण काय?

मग वाचायला लागले. इथे कॉन्टॅक्ट लेन्स हे औषधासारखं वैद्यकीय साधन धरतात, आणि २००५ पासून तर शून्य नंबरच्या, नुसत्या रंगाच्या लेन्सनाही तोच कायदा लागू आहे, म्हणजे लग्नात फोटोसाठी घाऱ्या डोळ्यांच्या लेन्स घालायच्या तरी प्रिस्क्रिप्शन पाहिजेच. आणि ते इथल्या लायसन्सवाल्या डॉक्टरचं पाहिजे, कारण विकणारा त्याच डॉक्टरकडे खात्री करणार असतो. पुण्यातल्या काकांकडे फोन करून कोण खात्री करणार.

तर अपॉइंटमेंट घेतली. घराजवळचं एक खाजगी क्लिनिक, नाव लिहीत नाही. डोळ्यांचा इन्शुरन्स इथे मेडिकलपेक्षा वेगळा असतो, तो आमच्याकडे होता, त्यात तपासणी बसली पण लेन्सच्या फिटिंगचे, म्हणजे लेन्स डोळ्यावर नीट बसते का ते बघण्याचे, ८५ डॉलर वेगळे. हे आधी फोनवर विचारून घ्या, कारण चष्म्याची तपासणी आणि लेन्सचं फिटिंग ही इथे दोन वेगळी कामं धरतात आणि बिलात दोन ओळी येतात.

चेक-इनला हातात टॅबलेट दिला. आठ-नऊ पानं, प्रत्येकाखाली सही. मी भराभर सह्या केल्या. त्यातल्या एका सहीकडे नंतर येते.

डॉक्टर मात्र फार चांगल्या होत्या. मशीनवर हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब टाकला, निळा प्रकाश लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. बुबुळाच्या वरच्या कडेला केसाहून बारीक लाल रेषा पांढऱ्या भागातून आत कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, शिरलेल्या दिसत होत्या. कॉर्नियात एरवी रक्तवाहिन्या नसतातच, त्याला ऑक्सिजन थेट हवेतून मिळतो, आणि लेन्स चौदा-पंधरा तास घातली, वर कधी तशीच झोपलं की ऑक्सिजन कमी पडतो आणि मग शरीर तिथे नवीन रक्तवाहिन्या पाठवायला लागतं. त्यांनी विचारलं महिन्याच्या लेन्स किती दिवस वापरता, मी खरं सांगितलं, दोन महिने, कधी अडीच. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या आत्ता थांबवलं तर हे पुढे सरकणार नाही, आणि रोज फेकायच्या, जास्त ऑक्सिजन जाऊ देणाऱ्या लेन्सची ट्रायल दिली. आठवड्याने परत बोलावलं.

घरी येताना गाडीत मी गप्प होते. मला नंबर पाठ होता हे खरं, पण त्या लाल रेषा मला कुठल्याच आरशात दिसल्या नसत्या. बारा वर्षांत माझ्या डोळ्याकडे असं कोणी बघितलंच नव्हतं. ज्या नियमाचा मला दोन आठवडे राग आला होता त्याच नियमाने मला त्या खुर्चीवर बसवलं, हे मला मान्य करावंच लागलं.

आता खरा त्रास. आठवड्याने परत गेले, लेन्स नीट बसतायत म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, फिटिंग पूर्ण झालं. बाहेर फ्रंट डेस्कला मी म्हटलं प्रिस्क्रिप्शन द्या. तिथली मुलगी म्हणाली आम्ही इथूनच ऑर्डर करून देतो, वर्षाचा स्टॉक घेतला तर सूट आहे. मी म्हटलं सूट राहू दे, मला कागद हवाय. तर म्हणाली कॉपीचे २५ डॉलर पडतील.

मी आदल्या रात्री वाचून गेले होते म्हणून बरं. फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे एफटीसी, या ग्राहकांच्या हिताचं बघणाऱ्या सरकारी संस्थेचा कॉन्टॅक्ट लेन्स रूल म्हणून नियम आहे, २००३ च्या कायद्यावरून आलेला, २००४ पासून लागू. त्यात स्वच्छ लिहिलंय की फिटिंग पूर्ण झालं की डॉक्टरने प्रिस्क्रिप्शनची कॉपी द्यायचीच, पेशंटने मागो न मागो. त्यासाठी वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, आमच्याकडूनच लेन्स घ्या अशी अट घालायची नाही, आणि "बाहेरून लेन्स घेतल्या तर आमची जबाबदारी नाही" अशा कागदावर सही मागायची नाही. चष्म्यासाठी असाच नियम तर १९७८ पासून आहे! म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीपासून, आणि तरी काउंटरवर २५ डॉलर मागतात.

मी शांतपणे सांगितलं की तपासणीचे आणि फिटिंगचे पैसे मी दिलेत, एफटीसीच्या नियमाने कॉपी मला फुकट मिळायला हवी. ती आत गेली, मॅनेजर आले आणि म्हणाले, पण तुम्ही तर प्रिस्क्रिप्शन मिळाल्याची सही केलीय. आणि त्यांनी स्क्रीनवर मला माझीच सही दाखवली. पहिल्या दिवशीची, टॅबलेटवरची, डॉक्टरांना भेटायच्याही आधीची.

तर ती सही. जे डॉक्टर लेन्स किंवा चष्मे विकतातही, त्यांनी पेशंटला प्रिस्क्रिप्शन दिल्याची पोच सहीने घ्यायची आणि तीन वर्षं जपून ठेवायची, किंवा पेशंटच्या परवानगीने ईमेल वगैरेने पाठवून त्याची नोंद ठेवायची असा नियम लेन्ससाठी २०२० साली आला, चष्म्यासाठी २४ सप्टेंबर २०२४ पासून. पेशंटच्या भल्यासाठीच आणलेला नियम आहे, कागद खरंच दिला की नाही याचा पुरावा राहावा म्हणून. पण पोच ही वस्तू मिळाल्यावर द्यायची असते ना? इथे ती चेक-इनच्या गठ्ठ्यात घालून टाकलेली. मी म्हटलं ही तारीख बघा, त्या दिवशी माझं फिटिंगच झालं नव्हतं, मग प्रिस्क्रिप्शन मिळालं कुठून. यावर ते काही बोलले नाहीत, दोन मिनिटांत प्रिंट काढून दिली. म्हणून नवीन आलेल्या सगळ्यांना कळकळीने सांगते, टॅबलेटवर "मला माझं प्रिस्क्रिप्शन मिळालं" असं काही दिसलं तर तिथे थांबा, आत्ता नाही, कागद मिळाल्यावर सही करते म्हणा. आणि कोणी देतच नसेल तर एफटीसीच्या साइटवर तक्रार करता येते, टेक्सासात असाल तर ऑस्टिनला टेक्सास ऑप्टोमेट्री बोर्ड आहे, डोळे तपासणाऱ्या या डॉक्टरांना, म्हणजे ऑप्टोमेट्रिस्टना, लायसन्स तेच देतात.

कागदावर काय बघायचं तेही सांगते. चष्म्याचं प्रिस्क्रिप्शन लेन्सला चालत नाही. लेन्सच्या कागदावर पॉवरच्या जोडीला बेस कर्व्ह (लेन्सचा बाक), डायमीटर (लेन्सची रुंदी) आणि ब्रँडचं नाव पाहिजे, आणि संपण्याची तारीख. ती किमान एक वर्षाची, त्याहून कमी द्यायची तर डॉक्टरकडे तसं वैद्यकीय कारण नोंदलेलं लागतं. ब्रँड विकणाऱ्याला मनाने बदलता येत नाही.

मी कागद अपलोड केला त्यामुळे ऑर्डर लगेच गेली. पण नुसतं डॉक्टरचं नाव दिलं तरी चालतं, मग विक्रेता क्लिनिकला विचारतो आणि कामाच्या आठ तासांत क्लिनिकने उत्तर दिलं नाही तर प्रिस्क्रिप्शन बरोबर आहे असं धरलं जातं. हे आठ तास ऑफिसच्या वेळेचे हं, शुक्रवारी रात्री ऑर्डर टाकली तर साधारण सोमवारी सकाळी नऊला मोजायला सुरुवात. क्लिनिकने मुद्दाम फोन उचलला नाही म्हणून पेशंट अडकू नये यासाठी हे केलंय.

जूनमध्ये आई आली साताऱ्याहून. तिचा चष्मा चार वर्षं जुना, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात म्हणायची. यावेळी तिला एका मोठ्या चष्म्याच्या दुकानाला लागून असलेल्या डॉक्टरकडे नेलं, ९५ डॉलर रोख, इन्शुरन्सशिवाय. आईला गंमत वाटली की दुकान एकच दिसतंय तर डॉक्टरचं दार वेगळं का, बिल वेगळं का. तेही कायद्यानेच आहे, टेक्सासात दुकान आणि ऑप्टोमेट्रिस्टची खोली यांच्यामध्ये जमिनीपासून छतापर्यंत भिंत लागते आणि पेशंटला आत जायचं दार वेगळं लागतं. दुकानदाराने डॉक्टरला सांगू नये की चार चष्मे जास्त लिहून दे.

आईचा दुसरा प्रश्न, "हा डॉक्टर आहे का गं नक्की?" भिंतीवर लायसन्स लावलेलं होतं ते दाखवलं. इथे ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे पदवीनंतर आणखी चार वर्षं शिकून, राष्ट्रीय बोर्डाची परीक्षा आणि राज्याच्या कायद्याची परीक्षा देऊन मग लायसन्स मिळवलेला माणूस. डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब तो टाकतो, इन्फेक्शनला औषध लिहून देतो, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन तो करत नाही, ते सर्जनचं काम. तपासणीचे थेंब वापरायची परवानगीही ऑप्टोमेट्रिस्टला कायदा करून पहिल्यांदा ऱ्होड आयलंडने दिली ती १९७१ साली, मग एकेक राज्य करत सगळीकडे. आपल्याकडे माझ्या मामेबहिणीने पुण्यात चार वर्षं बी. ऑप्टोम, म्हणजे ऑप्टोमेट्रीची पदवी, केलं आणि लोक तिला अजून "चष्म्याच्या दुकानात असते ना" म्हणतात, मला फार वाईट वाटतं. तिच्या व्यवसायासाठी देशपातळीवरचा कायदा आला तो थेट २०२१ साली, तिचं शिक्षण संपल्यावर.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात निघाली. घाई नाही, पण भारतात गेल्यावर नेत्रतज्ज्ञांना दाखवा म्हणाले. आणि तपासणी संपल्या संपल्या, आम्ही मागायच्या आत, कागद आईच्या हातात ठेवला. फक्त त्यावर पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, नव्हतं. एफटीसीच्या नियमात ते द्यायची सक्ती नाही, ऑनलाइन चष्मा मागवणाऱ्यांनी तेवढं आठवणीने मागून घ्या.

आईने इथे चष्मा केलाच नाही, किमती बघून म्हणाली आपल्या साताऱ्यात करू. गेल्या आठवड्यात राजवाड्याजवळच्या दुकानात गेली. काकांनी कागद वाचला, स्फेरिकल, सिलिंडर, अ‍ॅक्सिस, नंबर लिहायची सगळी पद्धत तिकडचीच इकडे, पट्टी धरून पीडी मोजली आणि चार दिवसांत चष्मा तयार. कागद त्यांच्या वहीत लावून ठेवत होते तर आई म्हणाली, "झेरॉक्स काढून घ्या, हा माझा आहे, मला मोतीबिंदूच्या डॉक्टरांना दाखवायचाय."