सावत्र

रात्रीचे पावणेबारा. झोप येत नाहीये, आणि न येण्याचं कारण इतकं फुटकळ आहे की कुणाला सांगायचीही सोय नाही. म्हणून इथे.

संध्याकाळी फोन आला, माझी चिंचिला ठकी आधी जिच्याकडे होती त्या मुलीचा. (चिंचिला म्हणजे उंदीर-खारीच्या जातीचा लोकरी जीव.) सहज, चौकशीला. मी पिंजऱ्याखालचा ट्रे धूत होतो, हात ओले, म्हणून फोन स्टुलावर ठेवून स्पीकरवर टाकला. "कशी आहे शेवरी?" एवढंच ती बोलली. शेवरी हे ठकीचं जुनं नाव. आणि लाकडी घरट्याच्या पार आतल्या कोपऱ्यात दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसलेलं करड्या लोकरीचं गाठोडं एकदम उलगडलं. ठकी बाहेर आली. एका उडीत मधली फळी, दुसऱ्या उडीत खाली. मागच्या पायांवर उभी राहिली, पुढचे दोन्ही पंजे जाळीवर, मिशा फोनच्या दिशेला, कान असे ताणलेले की दिव्याच्या उजेडात आतल्या शिरा दिसाव्यात. आणि मग तो आवाज. हुं, हुं, हुं. अगदी हलका, नाकातल्या नाकात, पाळण्यातलं मूल झोपेत करतं तसा.

हा आवाज मी वाचला होता. ऐकला नव्हता. गेल्या २३ दिवसांत एकदाही नाही.

"मजेत आहे," मी म्हणालो.

"ऐकू येतंय ना तिला?" असं तिने विचारलं तेव्हा मी नळ सुरू केला. का केला, ते माझं मलाच ठाऊक. म्हणजे ठाऊक आहे, पण लिहायला लाज वाटते. तिला तो हुंकार ऐकू जाऊ नये म्हणून.

हिशोब मांडायचा झाला तर माझी बाजू भक्कम आहे. पलीकडची खोली ठकीला दिली. रिकामी होती म्हणून दिली, हेही खरं. ती का रिकामी होती ते उगाळायला नको. चिंचिलाला घाम येत नाही. २५ अंशांच्या वर पारा गेला की तिच्या जिवाला धोका, म्हणून एसी रात्रंदिवस २० वर, आणि मी तिथे स्वेटर, कानटोपी घालून जमिनीवर बसलेला. तिचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजावेत म्हणून टिमोथी गवत, तेही ताजं, काडी काडी निवडून. धुरळा असलेलं बाजूला. ती जांभई देताना पहिल्यांदा दात दिसले ते चांगले नारिंगी! मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नारिंगीच हवेत, पांढरे पडले तर काळजी करा. अंघोळ पाण्याची नाही, धुळीची. ज्वालामुखीच्या राखेसारखी बारीक पूड वाडग्यात ठेवायची, ती त्यात दहा मिनिटं गिरक्या घेते, आणि मग ती पूड माझ्या चष्म्यावर, लॅपटॉपवर, आणि का कोण जाणे फ्रिजच्या आतसुद्धा. हे सगळं मी न कुरकुरता केलं. आणि हुंकार कुणाला? फोनला.

बेदाण्याची लाचही देऊन पाहिली. आठवड्याला अर्धा, त्याहून जास्त नाही, कारण साखर यांच्या पोटाला झेपत नाही आणि ओकून टाकायची सोय देवाने यांना दिलेली नाही. ती बेदाणा घेते. घेण्याची तऱ्हा अशी: मान जितकी लांबेल तितकी लांब, बाकीचं अंग मागे, माझ्या बोटाला मिशीसुद्धा लागता कामा नये, मग चोर पळावा तशी वरच्या फळीवर. खाते मात्र सावकाश, दोन पंजांत धरून, माझ्याकडे बघत. वसुली अधिकाऱ्यासारखी.

आई परवा म्हणाली, "माणसं सांभाळून झाली वाटतं, आता उंदीर?" उंदीर नाही म्हटलं, चिंचिला. ती म्हणाली, "तेच ते." तिला म्हणायचं होतं ते वेगळंच. जाऊ दे.

मूळ मुद्दा फोनचा.

फोन ठेवल्यावर वाटलं, आवाजाचं नसेल, नावाचं असेल. चार वर्षं ती 'शेवरी' होती. मी आणली त्या दिवशी माझ्या तोंडून 'ठकी' गेलं आणि तेच चिकटलं. जुनं नाव बदलू नये हे कळत होतं. पण 'शेवरी' म्हटलं की आपण दुसऱ्याची वस्तू वापरतोय असं वाटायचं, लग्नाच्या पंगतीत दुसऱ्याच्या चपला घालून बाहेर पडल्यासारखं. तर आज प्रयोग केला. जाळीपाशी बसलो आणि म्हटलं, "शेवरी." काही नाही. हळू म्हटलं. काही नाही. मग, हे लिहू की नको, आवाज जरा बारीक करून, तिच्यासारखा काढून म्हटलं. ठकीने एक कान वळवला, मग तोही परत जागेवर. ४६ वर्षांचा माणूस, कानटोपी घालून, बायकी आवाजात एका उंदराला (आई, तू बरोबर होतीस) हाका मारतोय. दार लावलेलं होतं एवढंच नशीब.

म्हणजे नाव नव्हे. आवाजच. यांचं ऐकणं बरंचसं आपल्यासारखं, म्हणून कानाच्या संशोधनात कित्येक वर्षं यांनाच वापरत आलेत. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं, चला, आपलं बोलणं तिला नीट पोचतंय. आता तेच टोचतंय. नीट पोचतंय आणि तरीही.

या जातीच्या रक्तात पळणंच आहे, हेही मला पाठ आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांच्या खडकांत राहायचं, आकाशात घिरट्या घालणारं काहीही दिसलं की कपारीत शिरायचं. वरून येणारा हात म्हणजे ससाणा. मी हे दहा जणांना समजावून सांगितलंय. मग नवव्या दिवशी ती कपाटामागे शिरली तेव्हा मी वरूनच झडप का घातली? घाई होती. फोन वाजत होता. ती निसटली आणि माझ्या मुठीत राहिला केसांचा पुंजका. शिकाऱ्याच्या तोंडात केस सोडून पळायची ही यांची युक्ती. आपल्या कातडीत एका छिद्रातून एखाददुसरा केस येतो, यांच्या ५० ते ६०. त्यामुळे मुठीत आलं ते केस नव्हतेच, धूर होता. वजनच नाही. उजव्या मांडीवर रुपयाएवढा गुळगुळीत उघडा डाग राहिला. दुखत नाही, काही महिन्यांत भरून येतं, असं डॉक्टर म्हणाले. पुंजका मी फेकला नाही. बटणांच्या डबीत आहे.

ठकीच्या आधीच्या मालकिणीला मी हे सांगितलेलं नाही. तिला फोटो हवे असतात, मी पाठवतो. सगळे डाव्या बाजूने.

(मघाशी नळ का सुरू केला याचं अर्धं उत्तर इथे आहे बहुतेक. असो.)

रात्री वाचत बसायची सवय वाईट. १९२३ साली माथायस चॅपमन नावाच्या अमेरिकन खाण इंजिनिअरने चिलीतून ११ चिंचिला कॅलिफोर्नियाला नेल्या. अमेरिकेत आज पाळल्या जाणाऱ्या बहुतेकांचा वंश त्या ११ चिंचिलांपर्यंत पोचतो. तोवर कातड्यापायी यांची इतकी शिकार झाली होती की रानात जवळजवळ संपल्याच होत्या. पण मला अडवून धरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. उंचावरून एकदम खाली आणलं तर त्या जगणार नाहीत, म्हणून हा माणूस त्यांना टप्प्याटप्प्याने, मुक्काम करत, जवळजवळ वर्षभर डोंगर उतरवत होता. आणि कशासाठी? फरच्या धंद्यासाठी. त्याची नजर कातड्यावर, माझी मायेवर, आणि धीर त्याच्याकडे जास्त.

मी २३ दिवसांत रुसलोय. चार वर्षं तिच्याकडे काढलेल्या जिवाने २३ दिवसांत माझ्या मांडीवर यावं, आणि नाही आली तर मी नळ सोडणार.

बरं, ती १५ वर्षं जगू शकते, काही तर २० पर्यंत जातात. म्हणजे मी साठीला टेकेन तेव्हाही ही वरच्या फळीवरून माझ्याकडे पाठ करून बसलेली असू शकते. हे लिहिताना मला हसू आलं. आज पहिल्यांदाच. इतकी वर्षं सलग माझ्याकडे पाठ करून बसायलाही कुणीतरी घरात राहावं लागतं.

आणि अगदीच पाठ नाही म्हणा. परवा मी वाडगं उचलत होतो, तिची अंघोळ अजून व्हायची होती. ती मागच्या पायांवर उभी राहिली, सरळ, हात जोडल्यासारखी, मी खूश झालो, आली म्हटलं, आणि तिने नेम धरून माझ्या चष्म्यावर मूत्राची पिचकारी मारली. मादी चिडली की हे करते. नरांपेक्षा माद्या आकाराने मोठ्या आणि स्वभावाने तिखट. चष्मा पुसताना मला राग यायला हवा होता. आला नाही. २३ दिवसांत तिने पहिल्यांदा काहीतरी नेमकं मला उद्देशून केलं होतं.

फोनवर शेवटी मी विचारलं होतं, ते लिहायचं राहिलंच. "तू काय बोलायचीस तिच्याशी?" मला वाटलं, काहीतरी लाडाचं असेल, ते शिकून घ्यावं. ती म्हणाली, "काही नाही हो काका, मी तिच्याशी कुठे बोलायचे? रात्रभर मोठ्याने अभ्यास करायचे. भिंतीकडे तोंड करून. ती तिथेच खुडबुडत असायची." चार वर्षं भिंतीकडे तोंड करून! आणि मी? रोज संध्याकाळी दोन तास जाळीला नाक लावून टक लावून बसतो. ससाणा तरी आणखी काय करतो?

उठून त्या खोलीत आलोय. वही मांडीवर आहे, पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलंय, आणि मी भिंतीकडे तोंड करून बसलोय. वाचायला हाताशी काही नव्हतं, एसीची माहितीपुस्तिका होती. ती मोठ्याने वाचतोय. फिल्टर दर दोन आठवड्यांनी काढून धुवावा. रिमोटचे सेल टाकताना अधिक-उण्याच्या खुणा पाहाव्यात. इंग्रजी वाचून मराठीत सांगतोय, कारण वाटलं, निदान तिला माझी खरी भाषा कळू दे. मध्ये मध्ये थांबून हे लिहितो.

बारावं पान. मागे गवताचा आवाज येतोय. करकर, करकर. फळीवरून नाही, खालून, जमिनीवरून. मान वळवायची नाही असं ठरवलंय. चौदावं पान, दुरुस्ती आणि हमीच्या अटी. करकर जवळून. डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेपटीचा झुबका दिसला, माझ्या गुडघ्यापासून दीड हातावर. उजवी बाजू माझ्याकडे. डागावर बारीक लव आलीय. नुसती सावली पडल्यासारखी.

फोन खिशातून काढला, आवाज न करता, आणि एक फोटो घेतला. उजव्या बाजूचा. तिला पाठवून दिला, खाली लिहिलं, "माझ्या हातून नवव्या दिवशी." एवढ्या रात्री तीही जागीच. टायपिंग, बंद, टायपिंग, बंद. माझ्या पोटात गोळा. मग आलं: "माझ्याकडे पहिल्या महिन्यात दोनदा. दुसऱ्यांदा तर मी तुम्हाला सांगणारच होते, पण वाटलं तुम्ही तिला नेणार नाही."

हे दोनदा वाचलं.

ठकी अजून तिथेच आहे, गवत खातेय. हुंकार वगैरे काही नाही. पुस्तिकेची इंग्रजी पानं संपली, पुढे स्पॅनिश आहे. म्हटलं, चला, ही तर तुझ्या आजोळची भाषा. मला एक अक्षर कळत नाही, तरी लावून लावून वाचायला घेतलं. फिल्ट्रो. आग्वा. तिसऱ्या ओळीला ती खाता खाता थांबली, माझ्याकडे वळून बघितलं, एकदाच खणखणीत भुंकली आणि वरच्या फळीवर निघून गेली.